सोबतीचा थेंब

दुसऱ्याचं दुखणं पाहून हळहळणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. पण दुसऱ्याच्या दुखण्याची गोळी सोबत म्हणून स्वतःही गिळणारा माणूस माझ्या थोरल्या साडूंवाचून या भूतलावर दुसरा झाला नाही, आणि देवाच्या कृपेनं पुन्हा होऊही नये. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. जन्म पाचोडकडचा, संसार सिडकोतला, आणि उमेदीची सगळी वर्षं गेली संभाजीनगर-पैठण रस्त्यावर एसटीच्या कंडक्टरकीत. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण त्यांच्या अंगातली गाडी काही डेपोला लागली नाही. आमच्याकडे आले की खुर्ची पुढं करायची सोयच नाही. एका हातानं दाराची चौकट धरायची, पाय फाकवायचे आणि उभं राहायचं. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं, आणि मधूनच खिडकीबाहेर डोकं काढून गल्लीत कोण चाललंय ते पाहायचं. "अहो, बसा ना जरा!" म्हटलं की म्हणायचे, "नको पाव्हणं. बसलं की गाडी बंद पडल्यावानी वाटतंय." त्यांच्याकडे बघून बघून मलाच धाप लागायची.

लग्नात हा माणूस पंगतीला बसलेला मी कधी पाहिला नाही. ते मंगल कार्यालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "पुढं सरका, पुढं सरका, आत लई जागा हाये" असं सांगत राहायचे. एकदा तर त्यांनी नवरदेवालाच दंडाला धरून पुढं सरकवला, आणि तो बिचारा मुकाट्यानं सरकलाही. केस कापायला बसले की न्हावी रडकुंडीला यायचा. "चचा, हिलो मत, कान कट जायेंगा," असं तो कळवळून सांगायचा, आणि साडूभाऊ मानेला गुंडाळलेल्या फडक्यासकट उठून रस्त्यावर कोण ओरडलं ते बघून यायचे. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा एक सण आहे, आणि तो कधी येईल हे कुठल्या पंचांगात सापडत नाही. त्या दिवशी साडूभाऊ पहाटेपासून गल्लीतल्या नळांना कान लावत हिंडायचे आणि पाणी आलं रे आलं की घरोघरची बेल वाजवत "आलं, आलं!" करत सुटायचे. त्यांचं स्वतःचं पिंप तेवढं आक्का भरायच्या, कारण साडूभाऊ तोवर पुढच्या गल्लीत पोचलेले असायचे.

पण त्या कंडक्टरकीत एक गोष्ट अशी होती, की जिच्यासाठी पैठण रस्त्यावरची माणसं अजून त्यांचं नाव काढतात. त्यांची नजर. नजर म्हणजे तरी एकाच डोळ्याची बरं का. लहानपणी कापसाच्या रानात पऱ्हाटीचं टोक लागून डावा डोळा निकामी झालेला. त्याला उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. सगळा कारभार उजव्यावर. तो एक डोळा घेऊन ते गाडीच्या दारात उभे राहायचे, आणि दूर रानातनं, बांधाबांधानं पळत येणारा माणूस त्यांना असा दिसायचा की ज्याचं नाव ते. दिसला की दोरी ओढून टण्‌कन घंटी. ड्रायव्हर कावायचा, आतली माणसं करवादायची, पण येणारा पोचेपर्यंत गाडी हलायची नाही. "एक गाडी गेली का दिवस गेला त्याचा," एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा ढोरकीनजवळ एक जण असाच जिवाच्या आकांतानं पळताना दिसला. गाडी थांबली. तो आला तेव्हा कळलं की तो गाडीसाठी नव्हे, सुटलेल्या शेळीमागं पळत होता. पण गाडीभर माणसं आपल्यासाठी खोळंबलीत म्हटल्यावर तो इतका ओशाळला, की शेळी काखोटीला मारून गाडीत चढला आणि पैठणला जाऊन चहा पिऊन परत आला. साडूभाऊंना हसलो तर म्हणाले, "मग? शेळी तरी कव्हा बघणार व्हती पैठण?"

आता गोळ्यांकडे येतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांनीच घडवलं. साडूभाऊंना दुसऱ्याचं दुखलेलं बघवत नाही. अजिबात नाही. समोरच्यानं गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" केलं की यांचा चेहरा असा होतो, जणू गुडघा यांचाच. त्यामुळे शर्टाच्या खिशात कायम दुखणं थांबवायच्या गोळ्यांची पाकिटं. साधीच, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. चालले की खिसा कुरकुर वाजायचा आणि गल्लीतली पोरं म्हणायची, गोळीवाले आजोबा आले. क्रांती चौकातल्या हवालदाराची टाच, भाजीवालीची पाठ, आमच्या हिची दाढ, सगळ्यांवर तीच गोळी. आणि ती द्यायची पद्धत त्यांची स्वतःची. गोळी काढायची, दाताखाली धरून मोडायची, अर्धी तुमच्या हातावर आणि अर्धी स्वतःच्या तोंडात.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हटलं, "साडूभाऊ, डोकं माझं दुखतंय!"

"व्हय की."

"मग तुम्ही कशाला घेतली?"

"सोबत नको व्हय तुमाला? चहा एकट्यानं घेतो का आपुन? जेवाय तरी एकट्यानं बसतो का? मग माणसाला दुखण्यातच का एकटं सोडायचं?"

"पण तुमचं काय दुखतंय?"

"हुडकंल की ती! आत गेल्यावर कुठं ना कुठं दुखतच असतंय. तिचं ती बगंल."

आक्का ओरडायच्या, "अवो, साखर हाये तुमाला, मूत्रपिंडं जातील," म्हणायच्या. त्यांनी आक्कांनाही अर्धी दिली.

गेल्या हिवाळ्यात आक्कांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. घरी येताना दोन-तीन प्रकारचे थेंब मिळाले, त्यातले एक दुखू नये, सूज येऊ नये म्हणून, काही आठवडे घालायचे. आता आक्का म्हणजे विळ्यानं बोट कापलं तर पदर गुंडाळून भाकरी थापणारी बाई. पण डोळ्यासमोर ती बाटली आली की लहान पोरीसारखं तोंड फिरवायच्या. "माज्या डोळ्यात काय पडायलंय ते दिसतंय मला, मला भ्या वाटतंय," म्हणायच्या. साडूभाऊंनी हातातली बाटली पाहिली, तिच्यावरचं नाव चष्मा लावून वाचलं आणि त्यांची कळी खुलली. "अगं, ही तर आपली गोळी! तीच. निस्ती पातळ केली." आणि हे खरंही होतं; खिशातल्या गोळीत होतं तेच औषध त्या थेंबांत होतं. मग काय विचारता? त्यांनी मान वर केली, आधी एक थेंब स्वतःच्या डोळ्यात टाकला, "बग, काय बी होत नाय," म्हणाले, आणि मग आक्कांच्या. दर वेळी असंच. आणि तेही उजव्याच डोळ्यात! आक्कांचा उजवा, म्हणून यांचाही उजवा. सोबत करायची तर त्याच बाजूनं करायची, हा त्यांचा कायदा. डाव्या निकामी डोळ्यात घातले असते तर मी आज हा लेख हसत हसत संपवला असता.

आक्कांचे थेंब ठरल्या मुदतीत बंद झाले. त्यांचा डोळा लख्ख झाला आणि त्या घरातली जळमटं काढायला लागल्या. साडूभाऊंचे थेंब मात्र चालूच. कारण शहरभर पाइपलाइनसाठी रस्ते खणलेले, धुरळा उडतोय, आणि हा माणूस दिवसभर स्कूटरवर. गुलमंडी, टीव्ही सेंटर, मुकुंदवाडी, काम असो नसो. डोळ्यात कचकच व्हायची. एक थेंब टाकला की कचकच गायब. पुन्हा झाली, पुन्हा टाकला. औषधाच्या दुकानात ओळख, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि यांनी दाखवली नाही. उन्हाळा लागला तोवर शर्टाच्या खिशात पाकिटांच्या जोडीला ती बाटलीही कायमची राहायला आली होती.

माझ्या लक्षात आलं ते एका सकाळी. साडूभाऊ आमच्या दारात आले, चौकट धरली आणि आत खुंटीवर टांगलेल्या माझ्या रेनकोटला म्हणाले, "राम राम पाव्हणं." मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो, पेपर वाचत. मला आधी थट्टा वाटली. मग जवळ जाऊन पाहिलं तर उजवा डोळा तांबारलेला आणि काळ्या बुबुळावर मध्येच पांढुरका डाग, दुधाचा थेंब सांडावा तसा.

"साडूभाऊ, हे काय झालंय?"

"कुठं काय? चष्मा धुवायचा राह्यलाय."

"दुखतंय का?"

"छ्या! कायबी नाय. अजिबात दुखत नाय. म्हणून तर काळजी नाय!"

मी त्यांना काखोटीला मारून नेलं म्हटलं तरी चालेल. त्यांची शेळी झाली होती त्या दिवशी. रिक्षात त्यांनी तीनदा उठायचा प्रयत्न केला. मी गुडघा दाबून धरला. मला त्यांचा संताप येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण रिक्षावाल्यानं वळण घेतलं तेव्हा या माणसानं, ज्याला शहरातला दगड न्‌ दगड पाठ, मला विचारलं, "कुठं आलो आपुन?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आक्कांचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. त्यांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ पाहिलं. मग कापसाची बारीक वात करून त्या वातीनं बुबुळाला हलकेच स्पर्श केला. आपण असतो तर खुर्चीसकट उडालो असतो. साडूभाऊंची पापणीही हलली नाही. "शिवलं का काय?" असं त्यांनी विचारलं, आणि बाईंनी वात खाली ठेवली.

"काका, डोळ्यात काय घालता?"

साडूभाऊंनी मोठ्या अभिमानानं खिशातून बाटली काढली. किती महिने, दिवसातून कितीदा, हे ते सांगत गेले तशा बाईंच्या भुवया वर गेल्या. फोन करून बोलावलेल्या आक्का शेजारी येऊन उभ्या होत्या. बाईंनी समजावून सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. बुबुळावर काचेसारखा एक पडदा असतो. त्याच्या वरच्या थरातल्या पेशी सारख्या झडतात आणि नव्या येतात. म्हणून धुळीचा ओरखडा आला तरी एक-दोन दिवसांत भरून निघतो. हे औषध थोडे दिवस, देखरेखीखाली घातलं तर उपयोगाचं. पण महिनोन्महिने घातलं की या पेशींवरच उलटू शकतं. जुन्या झडतात, नव्या वेळेवर येत नाहीत, आणि डोळ्याची जाणीवही बोथट होते. त्यातून साखर असलेल्या माणसाचा कोरडा डोळा असेल तर विचारूच नका. जखम होते, चिघळते, पडदा पातळ होत जातो आणि माणसाला पत्ता नसतो.

"पन दुखतच नव्हतं की," साडूभाऊ म्हणाले.

"तेच तर! तुम्ही कंडक्टर होता ना काका? दुखणं म्हणजे गाडीतली घंटी. आत काहीतरी झालंय, गाडी थांबवा, असं ती सांगत होती. तुम्ही काय केलंत? दोरीच कापून टाकलीत."

मी साडूभाऊंना प्रथमच असं खुर्चीत बसलेलं पाहत होतो, दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले. पडदा आणखी पातळ झाला तर डोळा फुटेल, आणि दुसरा तर आधीच गेलेला, असं बाईंनी हळू आवाजात मला सांगितलं. पण आक्कांचे कान तिखट.

"तुमाला सोबत करायला कुणी सांगितलं व्हतं?" त्या एकदम ओरडल्या. सगळा दवाखाना आमच्याकडे बघायला लागला. "कुणी सांगितलं व्हतं हो तुमाला?"

"तुला भ्या वाटत व्हतं," साडूभाऊ म्हणाले.

"भ्या माजं व्हतं ना! माजं व्हतं!" आणि त्या तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागल्या. साडूभाऊंचा हात सवयीनं खिशाकडे गेला, गोळीसाठी. मग तो तिथंच थांबला आणि खाली आला.

ते थेंब त्याच दिवशी बंद झाले आणि दुसरे सुरू झाले, तासातासाला. पुढचे काही आठवडे आमच्या दोन्ही घरांत कुणाला धड अन्न गोड लागलं नाही. फोन वाजला की ही दचकायची. मी माझ्या दुकानात लक्ष लागेना म्हणून दुपारीच सिडकोत जाऊन बसायचो आणि तिथं गेल्यावर तिथं बसवेना. साडूभाऊंची तर स्कूटर बंद, बाहेर जाणं बंद. ते पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या घालायचे आणि मध्येच मागच्या दाराला "पुढं सरका" म्हणायचे. आक्का थेंब टाकायला आल्या की तेवढे पलंगावर बसायचे. आक्का थेंब टाकायच्या, ते डोळा मिटायचे, आणि त्यांच्या शेजारी बसून आक्काही आपला उजवा डोळा मिटून घ्यायच्या. काही घालायचं नाही, नुसता मिटायचा. मी तिथं असलो की उठून अंगणात जायचो.

मग एक दिवस पहाटेच फोन. साडूभाऊ. "पाव्हणं, दुखायलंय! लई दुखायलंय! डोळ्यात काच घातल्यावानी!" मी चपला अर्धवट अडकवून धावलो. दवाखान्यात ते कण्हत होते, आणि डॉक्टरीणबाई, तुम्हाला खोटं वाटेल, चक्क हसत होत्या. "दुखतंय? शाब्बास काका! जाणीव परत यायला लागली." साडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला कुणीतरी अर्धी गोळी द्यायला हवी.

डोळा वाचला. म्हणजे फुटला नाही, जखम भरली. पण पांढुरका डाग मध्यावर राहिला तो राहिलाच. पुढं कधी कुणाचा दान केलेला पडदा मिळाला तर बसवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाव लावून ठेवलं आहे. तोवर त्यांना माणूस दिसतो, पण कोण ते दिसत नाही. खिसा रिकामा असतो. कुणी "आई गं" केलं की हात वर जातो, चाचपतो आणि परत येतो. "डाक्टरला दाखवा," असं ते आता सगळ्यांना सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज पडलेला असतो, म्हणून मला ते ऐकवत नाही. मी त्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवली त्या गोळ्यांवरून. आणि परवा डोकं चढलं तेव्हा, खरं सांगतो, मला त्या उष्ट्या अर्ध्या गोळीची आठवण आली.

गेल्या महिन्यात पैठणला नात्यात साखरपुडा होता. आम्ही चौघं एसटीनं निघालो. गाडीत जागा भरपूर होती. बायका बसल्या. साडूभाऊ सवयीनं दाराशी दांडा धरून उभे राहिले, आणि मीही उभा राहिलो. "तुमी बसा की पाव्हणं," ते म्हणाले. म्हटलं, "राहू द्या." ढोरकीनचा थांबा घेऊन गाडी हलली तसा त्यांनी चेहरा बाहेर काढून मागं वळवला, वर्षानुवर्षं वळवत आले तसा. तो पांढुरका डोळा त्यांनी बारीक केला. ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं.

मागं कापसाच्या रानातून एक बाई पळत येत होती. डोक्यावर गाठोडं, एका हातानं ते धरलेलं, दुसरा हात उंच. साडूभाऊंनी त्याच बाजूला पाहिलं, सावकाश मान आत घेतली आणि समाधानानं म्हणाले, "नाय कुणी."

मी आयुष्यात कधी भर गाडीत आवाज चढवलेला नाही. पण मी हात वर करून घंटीची दोरी खस्‌कन ओढली. गाडी थांबली. पुढून आताचा कंडक्टर ओरडला, "कोण हाये रे दोरी ओढणारं?"

साडूभाऊंनी माझी बाही घट्ट धरली. तोंड माझ्या कानाशी आणून अगदी हळू विचारलं, "कोण हाये? बाई का बाप्या?"

"बाई. डोक्यावर गाठोडं आहे."

बाई धापा टाकत दाराशी पोचली. साडूभाऊ ताठ झाले. "या बाई, या, गाठोडं संबाळून," ते खणखणीत आवाजात म्हणाले, तिच्या किंचित डावीकडे पाहत. "पार लांबून दिसल्या मला. म्हणलं, थांबवावी."

"देव भलं करो बाबा तुमचं," ती पायरीवरच टेकत म्हणाली. "एवढ्या लांबचं आजकाल कुणाला दिसतंय?"

कंडक्टर आमच्यापाशी येऊन उभा राहिला. "बाबा, तुम्ही ओढली व्हय दोरी?"

साडूभाऊंची माझ्या बाहीवरची पकड सैल झाली नव्हती. मी म्हणालो, "हो, यांनीच. जुने कंडक्टर आहेत या रस्त्यावरचे. यांना लांबचं दिसतं."